कठड्यावरचं माणूस

गाड्या बघायला उत्तम जागा कोणती, या विषयावर आमच्या घराण्यात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही. अर्थात घराण्यातच आता फारसं कोणी उरलेलं नाही. फलाट ही सगळ्यात वाईट जागा. ज्यांना खरोखरच कुठेतरी जायचं असतं असे लोक तिथे मध्ये मध्ये येतात. पुलावरून गाड्यांची नुसती टाळकी दिसतात. फाटक त्यातल्या त्यात बरं, पण मागचे स्कूटरवाले फाटक आपणच पाडलंय अशा नजरेने बघतात. पाण्याच्या टाकीमागचा उतार खरं तर छान, पण तिथे प्रेमात पडलेली मंडळी बसतात आणि त्यांना गाडी आल्याचंही कळत नाही. अशांच्या शेजारी बसून गाडी बघणं हा गाडीचा अपमान आहे.

पहिला नंबर आमच्या घरामागच्या कठड्याचा. घरचा म्हणून सांगत नाही, स्पर्धाच नाही. स्टेशनापासून निघालेले रूळ आमच्या परसाला वळसा घालून चढणीला लागतात. गाडी तिथे दमलेल्या माणसासारखी चालते. आतला कोण पेंगतोय, कोण भांडतोय, कोण शेजाऱ्याच्या पेपरात डोकं घालून फुकटात वाचतोय, सगळं दिसतं. कठडा दगडी, कमरेइतका उंच आणि वरून ऐसपैस. आई तिथे भाजी निवडत बसे. बाबा खुंटीला आरसा टांगून दाढी करत, आणि गाडी आली की एका गालावर साबण तसाच ठेवून बघत राहत. आम्ही भावंडं अभ्यास करत असल्याचा आव आणत असू.

घरचं कोणी गावाला निघालं की एक नियम होता. जाणाऱ्याने डावीकडची खिडकी धरायची आणि मागे राहिलेल्या कोणीतरी कठड्यावर चढून पिवळा टॉवेल हलवायचा. तो टॉवेल स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असे आणि त्याला कोणी हात पुसले तर आई जेवायला वाढत नसे. एकदा काका भांडून निघाला. रागाच्या भरात कोणीच कठड्यावर गेलं नाही. काका परत आला नाही. त्याचं काही वाईट झालं असं नाही, तो दूर कुठेसा लग्न करून मजेत राहिला, चांगला जाडही झाला म्हणे. पण परत आला नाही तो नाहीच. तेव्हापासून नियम पक्का झाला, आणि टॉवेल ताईने आपल्याकडे घेतला.

घेतला तो कायमचाच. मी शिकायला गेलो, नोकरीला गेलो, वर्तमानपत्रांतून लोकांची टिंगल करून पोट भरू लागलो. दर वेळी कठड्यावर ताई. पुढे आई-बाबा गेले, तरी ताई तिथेच. ती स्वतः कधी गाडीत बसली नाही. मी बोलावलं की म्हणायची, येईन रे, पण मला टॉवेल कोण दाखवणार? हा विनोद आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात ती परसात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. शेजारच्या म्हाताऱ्या कंपाउंडरचा फोन आला: डॉक्टर म्हणतात, यापुढे एकटं राहणं जमायचं नाही, तुम्ही येऊन घेऊन जा. मी निघालो. अंगात ताईने विणलेला निळा स्वेटर घातला. त्याची डावी बाही आखूड आहे. तिच्याकडे जाताना तो न घालण्याची माझी अजून छाती होत नाही.

गाव जवळ आलं तशी मी सवयीने कठड्याकडची खिडकी धरली. वळणावर गाडी हळू झाली आणि कठड्यावर ताई दिसली. टॉवेल हलवत होती. मला राग आला. हाड मोडलेलं आणि ही बाई कठड्यावर.

घरी पोचलो तर ती पलंगावर होती. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर. कंपाउंडर म्हणाले, तीन माणसांनी उचलल्याशिवाय त्या कुशीवरसुद्धा वळत नाहीत. टॉवेल दारामागे खिळ्याला होता. मी जाऊन हात लावून पाहिला. परसातल्या वाऱ्यासारखा गार लागला.

मी चष्म्याचा नंबर वाढल्याचं जाहीर केलं. ताईने विचारलं, "दिसले ना मी?"

मी म्हणालो, दिसलीस.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि चहात साखर कमी आहे म्हणून कंपाउंडरना बोलली.

दोन दिवस मी तिची समजूत घातली. माझ्याकडे लिफ्ट आहे, नर्स मिळेल, खालीच दवाखाना आहे. तिचं एकच: कठड्यावर कोण? मी नाही गेले तर इथे पडून मरेन, ते चालेल. पण निरोपाशिवाय निघणार नाही. कंपाउंडर बिचारे म्हणाले, ताई, मी हलवतो टॉवेल, त्यात काय एवढं. ती त्यांच्याकडे जरा दयेनेच बघत म्हणाली, "घरचंच माणूस लागतं हो."

मग तिने मला नुसतंच बघून घेतलं. नवीन कापड बघतात तसं.

"छोट्या," ती म्हणाली. मी सत्तरीचा आहे. "जरा टॉवेल घेऊन कठड्यावर उभा राहा बरं."

मी म्हणालो, अगं, मी तर तुझ्याबरोबर गाडीत असणार.

"तू नुसता उभा राहा. मला इथून दिसतंय का बघू."

म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापुढे म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? गुडघ्यांची क्षमा मागत मी कठड्यावर चढलो. दगड उन्हाने तापलेला होता, तळव्यांना लहानपणचाच लागला. एक मालगाडी आली. मी टॉवेल हलवला. सुरुवातीला थट्टेने, मग खरंच मजा वाटून. ड्रायव्हरने शिट्टी दिली. डबे संपेपर्यंत मी हलवतच होतो.

आत आलो तर ताई डोळे पुसत होती. म्हणाली, झाली सोय, उद्या निघू या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला कंपाउंडरनी आणि हमालांनी तिला उचलून डब्यात ठेवलं. मी टॉवेल खिळ्याला टांगला होता, घराला कुलूप लावून किल्ली कंपाउंडरना दिली होती. प्लास्टरचा पाय समोरच्या बाकावर, उशीवर. ताई डावीकडच्या खिडकीशी, मी तिच्या शेजारी. गाडी सुटल्यावर एखादी मुलगी बघेल तसं ती सगळं बघत होती. पाण्याची टाकी आली, फाटक आलं. स्कूटरवाले खरंच तसेच बघत होते.

गाडी वळणाला लागली.

कठड्यावर माणसं होती.

आई मांडीवर ताट घेऊन बसली होती. तिच्या पलीकडे बाबा, एका गालाला साबण. त्यांच्या पलीकडे बुटातले पाय खाली सोडून बसलेला एक जाड माणूस.

"काका आला बघ," ताई म्हणाली. "आला एकदाचा."

सगळे बसलेले होते. उभा एकच होता. त्याच्या हातात पिवळा टॉवेल होता, अंगात निळा स्वेटर. डावी बाही आखूड.

मी माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. बाही माझ्याही अंगात होती. होती तितकीच आखूड.

तो टॉवेल हलवत होता. मनापासून.

"तूही हात हलव," ताई हळूच म्हणाली. "त्याला बरं वाटतं."

मी हलवला.

ताईचा पाय आता छान आहे. काठी घेऊन घरभर फिरते आणि माझ्या बाल्कनीतून एकही गाडी दिसत नाही म्हणून मला नावं ठेवते. मध्यंतरी कंपाउंडरचा फोन आला होता. जरा नाराज होते. म्हणाले, गावात येता तर कळवत तरी जा. परवा परसात उभे होतात, मी हाक मारली तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. मी म्हणालो, हल्ली कमी ऐकू येतं. ते खोटं नाही.

दुपारी गाडीची वेळ झाली की ताई उठते. घरात पंखा लागलेला असतो, बाहेर रणरणतं ऊन असतं. ती माझ्या खांद्यावर शाल टाकते आणि उजवा हात चोळून देते.

"सुरुवातीला मलाही फार गार वाटायचं," ती म्हणते.