रिकामा रकाना

रेश्माचं काम तसं सोपं. ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीतली मंडळी दिवसभर प्रोग्राम लिहायची. तो संगणकावर आपोआप जोडला-तपासला जायचा, आणि ते नीट होतंय ना, हे रेश्मा शेणवे गावातल्या आपल्या घरून बघायची. कामं रांगेने व्हायची, एकेकाला बारा मिनिटं लागायची. एखादं अडकलंच तर किती वेळाने बंद पाडायचं, तो आकडा भरायला एक रकाना होता. तो रिकामाच होता. कमी भरला तर चांगलं चाललेलं काम मध्येच मरेल, जास्त भरला तर रांग खोळंबेल, या धाकधुकीत आठवडाभर ते भिजत घोंगडं पडलं होतं.

तिच्या बापाला, म्हादूला, असले प्रश्न पडत नसत. कंटोळी काढायला तानशाच्या रानात जाताना तो अंगणात काठी रोवायचा. पुढ्यात एक धोंडा कायमचा पडलेला होता.

"सावली धोंड्यावर आली नि मी नाय आलो, तर हाक मारा."

सावली तिथे यायला साधारण अकरा वाजत. त्याआधी हाक मारायची नाही, कारण उगाच नाव घेतलं की ते रानालाही कळतं, असं वाडीत मानतात. त्यानंतर मात्र क्षणभरही थांबायचं नाही, सगळ्यांनी शोधायला निघायचं.

श्रावणातल्या त्या बुधवारी आभाळ गच्च होतं. म्हादू आठला निघाला. त्याच वेळी सुरू झालेलं एक काम मध्येच अडकलं. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. होईल आता, होईल आता, करत रेश्माने तीन तास काढले. मागे सतरा कामं तुंबली.

बरोबर अकराला पडद्यावर ओळ उमटली: वेळमर्यादा संपली. काम थांबवले.

तिने रकाना उघडला. रिकामाच. तिने कंपनीतल्या हेमंतसरांना फोन लावला.

"सर, मर्यादा तुम्ही भरलीत का?"

"नाही गं. मी हातही लावलेला नाही."

बोलत बोलत ती दारात आली. धोंड्यावर सावली पडली होती. बारीक, काळी, ठसठशीत.

"आये, बाबा आलं नाय अजून?"

हिरी ओटीवर तांदूळ निवडत होती. "येतील गो. आज कुठं वेळ ठरलीय?"

"अगो, सावली धोंड्यावर आली!"

हिरीने आभाळाकडे पाहिलं. "ऊन कुठाय?"

रेश्मा तोवर शेजारच्या राघो आणि भिमाला हाका मारत धावत सुटली होती.

म्हादू ओहळात सापडला. पाय दोन दगडांच्या फटीत अडकलेला. वर डोंगरात पाऊस झाला होता आणि पाणी छातीपर्यंत चढलं होतं. राघोने पहारीने दगड उचकटला. बापाला काठावर बसवलं तेव्हा रेश्माला रडू आवरेना.

"घटकाभर उशीर झाला असता तर संपलंच व्हतं," म्हादू म्हणाला. मग थबकला. "पन तुमाला कळलं कसं? आज ऊन नाय, म्हणून मी काठी रोवलीच नव्हती."



घरी आल्यावर रेश्माने पाहिलं. काठी वळचणीला खोचलेली होती, कोरडी. धोंड्यावर काहीच नव्हतं. तिने आठवून पाहिलं. धोंडा दिसला होता, सावली दिसली होती. काठी पाहिल्याचं आठवेना.

त्याच दुपारी तिने रकान्यात वीस मिनिटं भरली. बाराचं काम, वर आठची मुभा. संध्याकाळपर्यंत रांग मोकळी झाली, आणि तिच्या मनावरचं ओझंही उतरलं. म्हादूनेही कबूल केलं, "ढग असलं तरी घड्याळाची वेळ सांगून जाईन. असंच जायचं नाय आता."

तीन आठवड्यांनी त्याचा पाय बरा झाला. सकाळी लख्ख ऊन होतं. आठला त्याने काठी रोवली आणि टोपली खांद्याला लावली.

रेश्मा दारात उभी होती.

काठी एक होती. सावल्या दोन.

एक लांब, अंगणभर पसरलेली. दुसरी धोंड्यावर, आधीच येऊन थांबलेली.

म्हादूनेही ती पाहिली. मग त्याने टोपली उतरवून ओटीवर ठेवली आणि हिरीला म्हणाला, "चहा टाक. आज नाय जात."

रेश्माने पुन्हा अंगणात पाहिलं. धोंड्यावर नुसतं ऊन होतं.