वाकीचं माहेर

शाहूवाडीच्या डोंगरात, पार उत्तरेच्या टोकाला, वाकी नावाची नदी आहे. नदी आपली म्हणायची. उन्हाळ्यात म्हैस आडवी बसली तरी पाणी अडतं. पण नऊ वळणं घेत ती वारणेला मिळते आणि गावाला तिचा केवढा तोरा!

सरकारी नकाशात मात्र ती ओढा. का, तर म्हणे उगम कोरडा. हुपरीची अक्षता कोल्हापुरात भूगोल शिकत होती, तिचा प्रबंध या नदीवरच. ऐन मे महिन्यात उगमाला वाहतं पाणी दाखवलं तर वाकी नदी ठरणार, नाहीतर दोन वर्षांची पायपीट मातीमोल.

अडचण एकच, उगम दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. उगम म्हणजे नदीचं माहेर. तिथं बायकांनीच जायचं, नदीची ओटी भरायची. बाप्यांनी नवव्या वळणावर उगमाकडं पाठ करून उभं राहायचं आणि परतणारी शेवटची बाई पुढं जाईपर्यंत वळायचं नाही. वाट ठाऊक असलेली सोनूबाई दोन वर्षांमागं वारली, लेकीसुना शहरात गेल्या. अशा रीतीनं गावानं स्वतःच्याच नदीचा पत्ता हरवून ठेवला होता.

सोनूबाईचे मालक केरबा एका सकाळी अक्षताला धुक्यातून नवव्या वळणापर्यंत घेऊन आले आणि सवयीनं पाठ करून थांबले.

"पन्नास वर्सं हितंच थांबलोय, पोरी. तेवढं पाणी हाय का बघून ये."

अक्षता चढू लागली. पुढं पात्राला दोन फाटे फुटले, दोन्ही खडखडीत. धुकं इतकं की हात दिसेना. ती हताश होऊन उभी राहिली आणि डाव्या अंगाला तोडे वाजले.

पायातले दागिने घडवणाऱ्या घरातली पोर ती. तो आवाज ऐकून आधी तिला घरच्यासारखं वाटलं. मग अंगावर सर्रकन काटा आला. एवढे जड, भरीव तोडे घडवणं तिच्या आजोबांबरोबरच थांबलं होतं. पाठोपाठ बायकांचं दबकं हसू ऐकू आलं, लग्नघरात येतं तसं. भीती तर वाटत होती, पण हसू इतकं गोड की पाय आपसूक तिकडं वळले.

केवड्याचा वास आला आणि कातळाखाली करंगळीएवढी धार दिसली. थंडगार, वाहती. आसपास कुणी नव्हतं. अक्षतानं फोटो काढले, नोंदी केल्या, ओंजळभर पाणी प्यायली आणि आनंदानं एकटीच नाचली.

ती धावत खाली आली, केरबांच्या बाजूनं पुढं झाली.

"आजोबा, गावलं पाणी. वाकी नदीच हाय."

केरबा वळले नाहीत. डोळ्यांतून धारा वाहत होत्या, चेहरा मात्र फुललेला.

"कितीजणी गेलतासा?"

"एकटीच की."

"तुझ्या मागनं पाचजणी म्होरं गेल्या... हसत." ते हळू आवाजात म्हणाले. "एक हाय अजून. माझ्या पाठीशी उभी हाय..."

अक्षतानं त्यांच्या मागं पाहिलं. नुसतं धुकं होतं.

"तू हो म्होरं, पोरी. आमी दोघं येतो सावकास."

ती निघाली. मागून केरबांचा आवाज येत राहिला. वाकीचं नाव आता कागदावर नदी म्हणून लागणार, हे ते कुणालातरी कौतुकानं सांगत होते. मध्येच थांबत होते, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं तसे, आणि मग खुदकन हसत होते.