पाऊण मीटर

शेगडी तिसऱ्यांदा विझली आणि डॉ. सुनंदा खांबेटे यांच्या डोक्यात भडका उडाला.

सातपूरच्या त्या प्रयोगशाळेत घरगुती गॅसच्या शेगड्या तपासल्या जात. शेगडीपासून पडदा किंवा लाकडी फळी किती लांब हवी, हे सुनंदाबाईंनीच पूर्वी ठरवून दिलं होतं. पाऊण मीटर. सगळे त्याला ‘खांबेटे अंतर’ म्हणत, आणि बाईंना ते ऐकायला फार आवडे. आता ही कालची पोरगी, इरावती सोवनी, ते अंतर पुसायला निघाली होती. दुपारी समिती येऊन निकाल देणार होती. बाईंच्या पोटात नुसतं दुखत होतं.

“तू उभी राहिलीस की जळते, मी उभी राहिले की विझते! काय जादू केलीयस गं?”

“जादू कसली मॅडम? हा नजरमापक बघा.” इरावतीनं शेगडीच्या कडेला बसवलेल्या काचेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “शेगडीजवळचा हा पडदा वाऱ्यानं ज्योतीकडे आला, तर समोरचा माणूस तो मागे कधी ओढेल? नजर ज्योतीवर असेल तर चटकन. मग वीतभर अंतरही पुरतं. नजर भरकटली की शेगडी जास्त अंतर मागते, आणि तेवढ्या अंतराच्या आत पेट घेणारी वस्तू दिसली तर गॅस तोडते. लहान घरांत केवढी जागा वाचेल!”

“म्हणजे माझी नजर भरकटते?”

इरावतीनं विझलेल्या शेगडीवरच्या कोमट आधणाकडे बोट दाखवलं. बाई चहा करताना सगळा वेळ तिच्याचकडे बघत होत्या. तिचा शांत चेहरा, तिचं वय, भिंतीवर लावलेलं तिचं पारितोषिक! मेली एक शेगडी, आणि तिनं माझा मत्सर उघडा पाडावा? बाईंना स्वतःचीच चीड आली, पण इरावतीची जास्त आली.

दुपारी समितीचे अध्यक्ष घारपुरे दोन सदस्यांना घेऊन आले. पडदा शेगडीपासून वीतभर अंतरावर टांगला. इरावतीनं चहाचं आधण ठेवलं. सुनंदाबाई मुद्दाम तिच्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

ज्योत विझली. इरावतीनं पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. बाईंना आतून गुदगुल्या होत होत्या.

“काय हो सोवनी, बिघडली वाटतं?” घारपुरेंनी विचारलं.

“शेगडी बरोबर आहे, सर. माझी नजर सारखी मॅडमकडे जातेय.”

“का बरं?”

इरावतीचा चेहरा लालबुंद झाला. “मी काहीही शोधलं तरी लोक विचारतात, खांबेटेबाईंचं काय मत? अंतर म्हटलं की यांचंच नाव! जळते मी यांच्यावर. झालं समाधान?”

बाई बघतच राहिल्या. ही माझ्यावर जळते? ही?

घारपुरे थोडा वेळ हनुवटी खाजवत बसले. “नजर पूर्ण भरकटली, तर तुमची शेगडी किती अंतर मागते?”

इरावतीनं ओठ चावला. “पाऊण मीटर.”

ज्याचं आगीकडे लक्ष नाही अशा माणसासाठीच तर बाईंनी ते अंतर काढलं होतं.

“स्वयंपाकघरात माणसं एकमेकांकडे बघणारच,” घारपुरे म्हणाले. “नुसत्या ज्योतीकडे बघत राहणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. जुनं अंतर कायम. अहो बाई, आता चहा तरी पाजा. तुम्हीच करा.”

जिंकल्या एकदाच्या! सुनंदाबाई ऐटीत उठल्या, त्यांनी शेगडी पेटवली आणि ज्योतीवर डोळे रोखले. ज्योत निळी, स्थिर होती. आधणातून बुडबुडे वर यायला लागले. आता फक्त ज्योतीवरची नजर हलवायची नव्हती.

पण हरल्यावर इरावतीचा चेहरा कसा दिसतो, ते बघितल्याशिवाय त्यांना राहवेना.

शेगडी विझली.

“तो पडदा आधी पाऊण मीटरवर न्या,” घारपुरे म्हणाले. “नाहीतर आज काही चहा मिळत नाही.”