हवेत आवळलेले बोल्ट

गाडीच्या आत छत्री उघडून बसलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

सप्टेंबर होता, आणि ग्रेमाउथला सप्टेंबरात पडतो तसाच पाऊस पडत होता, म्हणजे आडवा. आमच्या गॅरेजच्या दारात एक हिरवी, दोन सीटांची, १९६७ सालची इंग्लिश स्पोर्ट्स कार येऊन थांबली. थांबताना पुढून जुनी खाट ओढल्यासारखा आवाज आला. वरचं कापडी टप चार ठिकाणी फाटलं होतं. आत एक लांबलचक तरुण गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, एक हात स्टिअरिंगवर आणि एक छत्रीच्या दांड्यावर.

"आत येऊ का?" त्याने काच खाली करून विचारलं.

"छत्री मिटणार असाल तर या. आमचं छप्पर गळत नाही."

"माझंही गळत नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "फक्त पाऊस पडला की जरा..."

मला हसू आलं. गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही, हा बाबांचा नियम. हसलं की गिऱ्हाईक सैलावतं आणि गाडीचं दुखणं कमी करून सांगतं. पण या माणसाचं दुखणं लपण्यासारखं नव्हतंच.

नाव रॉरी गॅलब्रेथ, गाव डनेडिन. नदीवरच्या पुलाच्या दुरुस्तीसाठी सहा आठवडे आलेला इंजिनिअर. गाडी त्याच्या मामांची, मामा गेल्यावर त्याच्याकडे आलेली. सकाळीच तपासणी केंद्राने तिला यंदाचं वॉरंट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची असल्याचा दाखला, नाकारलं होतं.

"पुढचे बुश गेलेत म्हणाले. पण बुश म्हणजे नक्की काय?"

"पूल बांधता ना तुम्ही? गर्डरखाली रबर घालता की नाही?"

"घालतो की. लोखंड सिमेंटवर घासू नये म्हणून."

"तेच. इथे चाकाचा आर्म आणि गाडीचा सांगाडा, दोघांच्या मधे ते रबर बसतं. धक्के सगळे त्याने खायचे." मी खाली आडवी झाले, पहार घालून आर्म दाबला. तो बोटभर हलला. "तुमचं रबर आता फक्त नावाला उरलंय."

"माझं?"

"गाडीचं हो!"

मागे स्टुलावर बसून रेडिओवर घोड्यांची शर्यत ऐकणारे बाबा खाकरले. कंबर धरल्यापासून ते गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरत नाहीत, पण त्यांचे कान मात्र रोज खड्ड्यात असतात.

नवे बुश क्राइस्टचर्चहून यायचे होते. ते यायला दहा दिवस. शिवाय समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बोल्ट आतल्या आत गंजून चिकटलेले. बाबांनी हिशेब केला, सगळी कामं सांभाळून महिना. रॉरी म्हणाला, चालेल. इतक्या आनंदाने 'चालेल' म्हणणारं गिऱ्हाईक आमच्याकडे आधी कधी आलं नव्हतं.

मग तो रोज साडेचारला यायला लागला. हातात पुडी असायची — नदीतल्या बारक्या व्हाइटबेट माशांची अंड्यात परतलेली पोळी, पांढऱ्या पावात घातलेली, वर लिंबू. एक बाबांना, एक मला, एक त्याला. मग बाह्या सरसावून विचारायचा, "आज काय तोडायचंय?"

जुने बुश ठोकून बाहेर काढायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. नवे बसवायची वेळ आली तेव्हा त्याने तेलाचा डबा उचलला.

"ए! ठेव तो खाली. तेलाने रबर सडतं."

"मग?"

"भांडी घासायचा साबण."

तो हसत सुटला. पण खरंच तसंच करतात. साबणाच्या फेसात बुश बुडवायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी दाबून आर्मच्या भोकात सरकवायचा. पहिला बुश सटकला, दुसऱ्यांदा सटकला... आणि तिसऱ्यांदा त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तिथेच राहिली. फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्याच्या पापण्यांवर सुद्धा फेसाचा एक ठिपका होता. तो मी पुसावा, असं मला फार वाटलं.

"बुश बसला का," स्टुलावरून आवाज आला, "की नुसतेच हात धुताय दोघं?"

"बसतोय, मिस्टर किओ!" रॉरी ओरडला. हात काही त्याने काढला नाही. मीही नाही.

उजवी बाजू जुळली तेव्हा त्याने उत्साहाने पाना उचलला आणि बोल्ट आवळायला लागला. मी जवळजवळ किंचाळलेच.

"थांब! आत्ता नाही!"

"आता काय केलं मी?"

"गाडी जॅकवर आहे. चाकं लोंबकळतायत. आत्ता आवळलास तर रबराला वाटेल हीच आपली जागा. मग गाडी खाली उतरवली, वजन आलं, की ते पिळवटून जाईल आणि कायम तसंच राहील. जिवाला धोका काही नाही, पण वर्षाच्या आत फाटतं. आधी गाडी तिच्या चाकांवर उभी करायची. दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची. मग खड्ड्यात उतरून शेवटचं आवळायचं."

"आणि मग?"

मी खिशातली रंगाची बाटली दाखवली. "मग पिवळा ठिपका. ज्याने आवळलं त्याने द्यायचा. आजोबांपासूनची रीत आहे आमची. ठिपका म्हणजे शब्द."

"आणि ठिपका नसला तर?"

"तर ते काम कुणीच केलेलं नाही, असं समजायचं."

त्याने पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "माणसांचंही असंच असतं का, ऊना? आधी वजन येऊ द्यायचं... मग आवळायचं?"

"माणसं मी खड्ड्यातून बघते. मला फक्त बूट दिसतात."

"माझे कसे आहेत?"

"चिखलाचे," मी म्हटलं. खरं तर फार आवडायचे मला ते बूट. दारात वाजले की माझ्या हातातला पाना निसटायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी पुलाचं काम संपलं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही समुद्रात गेलेल्या दगडी बांधावर बसलो होतो. खिंडीतून तो बोचरा वारा सुटला होता, ज्याला आमच्या गावात न्हावी म्हणतात, कारण तो कान कापून नेतो. रॉरीने त्याची लोकरी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली आणि कानांवरून नीट खाली ओढली.

"याच किनाऱ्यावर, वेस्टपोर्टकडे अजून दोन पूल आहेत," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "दोन वर्षांचं काम. मला विचारलंय. डनेडिनच्या ऑफिसातही जागा आहे... सोमवारी सांगायचंय."

"मग? काय सांगणार?"

"तू सांग. मी काय सांगू?"

थांब. एवढा एकच शब्द होता. गिऱ्हाइकाला तो दिवसातून दहा वेळा बजावणारी मी, त्या बांधावर मला तो एकदाही म्हणता आला नाही. वाटलं, त्याला थांबायचं असेल तर त्याने स्वतः म्हणावं. माझ्यामुळे थांबला आणि या पावसाला कंटाळला तर? आणि खरं सांगू, मला नकाराची भीती वाटत होती. म्हणून मी म्हटलं, "डनेडिनला ऊन जास्त पडतं. तुझ्या टपाला बरं."

तो हसला. पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही, आणि ते मला दिसलं.

शुक्रवारी दुपारी मी गॅरेजमध्ये एकटी होते. बाबा कंबर दाखवायला दवाखान्यात गेले होते. हिरवी गाडी जॅकवर होती, सगळे नवे बुश जागेवर, बोल्ट नुसते हातानं बसवलेले. शेवटचं काम राहिलं होतं.

मी पाना हातात घेतला, आणि गाडी खाली उतरवली नाही.

विचार साधा होता. रडवेल्या माणसाचे विचार साधेच असतात. हवेत आवळले तर आठ-नऊ महिन्यांत रबर फाटेल. गाडी खाटेसारखी कुरकुरायला लागेल. मग तो येईल, या गाडीला तो दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार नाही. आणि तोवर माझ्यात हिंमत आली असेल. मी एकेक बोल्ट आवळला. प्रत्येक वेळी मनगटात कळ आली. शेवटी रंगाची बाटली उघडली... आणि ब्रश तसाच धरून उभी राहिले. खोटा ठिपका मला देववेना. बाटली बंद केली.

शनिवारी सकाळी तो गाडी न्यायला आला. पाऊस नव्हता, नेमका त्याच दिवशी. गाडी अंगणात उभी होती, बाबा स्टुलावर होते.

"आता पुन्हा कधी आणू हिला?" त्याने विचारलं. नजर माझ्यावर होती, प्रश्न गाडीबद्दल नव्हता, आणि हे मला कळत होतं.

बाबा बघत होते. किओंच्या घरातलं बुशचं काम किती टिकतं, हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक. "दहा वर्षं काही लागणार नाही," मी म्हटलं.

"दहा वर्षं..." तो म्हणाला. "म्हणजे तोवर माझं इथे काही काम नाही."

"गाडी सांगेल की तुला."

"गाडी सांगेल. आणि तू, ऊना?"

मी हसले. नुसती हसले! त्याने टोपी मागितली नाही, मी दिली नाही. हिरवी गाडी वळणाआड गेली तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, जा रे, नऊ महिन्यांत येशील.

नाताळ गेला. त्याचा फोन नंबर कामाच्या कार्डावर होता, कार्ड खिळ्याला टांगलेलं होतं. मी रोज बघायची आणि रोज म्हणायची, कशाला? रबर करतंय ना माझं काम. आमच्याकडे नाताळाबरोबर येणारा उन्हाळा गेला, हिवाळ्याबरोबर न्हावी परत सुटला. जुलैत एका दुपारी मी खड्ड्यात असताना रस्त्यावरून तो आवाज आला. जुनी खाट. कुर्र... कुर्र...

मी शिडीच्या दोन पायऱ्या एकदम चढले. चेहरा पुसायला गेले तर ग्रीस आणखी पसरलं. केसांत हात घातला, टोपी सरळ केली, त्याचीच टोपी. आणि धावत दारात आले.

गाडीतून जाड चष्म्याची, सत्तरीची एक बाई उतरली. छान, ठणठणीत. टप नवं घातलेलं होतं.

"मी मिसेस ट्रेंबथ, होकिटिकाहून आलेय. मे महिन्यात घेतली हिला, म्हातारचळ म्हण हवं तर! आता ही सारखी कण्हते. ज्याच्याकडून घेतली त्याने इथलाच पत्ता दिला बघ."

"त्यांनी... विकली?"

"ऑक्टोबरात लग्न आहे ना त्याचं, डनेडिनला. पण लग्नासाठी नाही हो विकली. म्हणाला, ठेवावीशी वाटत नाही." तिने हातमोजे काढले. "जानेवारीतच कुरकुरायला लागली होती म्हणे. खाली वाकून पाहिलं तर पिवळा ठिपका एकाही बोल्टवर नाही. फार लागलं होतं पोराला ते. म्हणाला, इतकी नेटकी मुलगी, सगळ्यांची कामं जीव लावून करते, आणि माझी गाडी तेवढी कशीतरी आवळून दिली. मला घालवायची घाई झाली होती तिला."

मी दाराची चौकट धरली.

"वडिलांकडून करून घ्या म्हणाला, तिच्या हाती देऊ नका. ती मुलगी आहे का अजून इथे?"

स्टुलावर बाबांनी रेडिओ बंद केला.

"नाही," मी म्हटलं. "गेली ती."

"बरं झालं बाई. तू दिसतेस कामाची."

ती चहा प्यायला समोर गेली. बाबा काठी टेकत माझ्याजवळ आले. माझ्याकडे, मग गाडीखाली, मग परत माझ्याकडे बघितलं त्यांनी. पन्नास वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"हवेत आवळलेस?"

मी मान हलवली.

"तो यावा म्हणून?"

मला रडूच कोसळलं. लहानपणी बोट चेपलं होतं तेव्हा रडले होते तशी रडले. बाबांनी त्यांच्या कळकट फडक्याने माझं नाक पुसलं. "फोन कर त्याला," ते म्हणाले.

"काय सांगू, बाबा? लग्नाला तीन महिने राहिलेल्या माणसाला सांगू, की तू मला हवा होतास म्हणून मी तुझं काम बिघडवलं? आणि तू विचारलंस तेव्हा तुला एक शब्द देता आला नाही?"

बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं. खिळ्यावरचं जुनं कार्ड मी काढलं, एकदा नंबर वाचला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकलं.

जुने बुश बाहेर आले तेव्हा एका बाजूने पिळवटून फाटलेले होते, जसे फाटणार हे मला माहीत होतं तसेच. नवे मी एकटीने बसवले. साबणाचा फेस कोपरापर्यंत आला आणि समोरून दाबायला कुणी नव्हतं, म्हणून वेळ लागला. मग गाडी खाली उतरवली. चाकांवर उभी केली. चार वेळा दाबली, थांबले, पूर्ण बसू दिली. मग खड्ड्यात उतरून एकेक बोल्ट आवळला आणि प्रत्येकावर पिवळा ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी मिसेस ट्रेंबथने अंगणात एक फेरी मारली. गाडी मांजरासारखी बिनआवाज वळली.

"वा! आता पुन्हा कधी आणू हिला?"

"दहा वर्षं काही लागणार नाही," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.