मागच्या सीटवरचे आप्पा

लाइट यायला अजून तासभर आहे. तोवर आकाराम मिस्त्रीचं सांगतो. ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं तर या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मधे हसू नका.

तारीखसुद्धा सांगतो. सात ऑक्टोबर २००३, मंगळवार. दसरा होऊन दोन दिवस झालेले, कोजागिरीला दोन दिवस राहिलेले. दुपारी साडेचारला आकाराम कोल्हापुरातून, उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजमधून एक गाडी घेऊन नेसरीला निघाला. काम साधं होतं. एका म्हाताऱ्याला त्याच्या घरी सोडून यायचं होतं.

गाडीत आकाराम एकटाच होता.

गाडी म्हणजे १९५१ची प्लायमाऊथ, अमेरिकन. लांबलचक बॉनेट, निकेलचे बंपर, आत सोफ्यासारख्या सलग सीटा. तीन वर्षांपूर्वी नेसरीच्या एका घरातून त्यानं ती भंगारात उचलली होती. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये सडत पडली होती. पत्र्याला भोकं, इंजिनात उंदरांची बिळं. आकारामनं तिचा एकेक नट हातानं साफ केला. जो भाग मिळाला नाही तो लेथवर स्वतः बनवला. शेवटी मोरपंखी रंग मारला आणि गाडी अशी दिसायला लागली की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून बघायचा.

घाई कशाची होती त्याला? कशाचीच नाही. बायको विठाबाई जाऊन आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गॅरेजमागची एक खोली, एक स्टोव्ह, एक ताट. संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं आणि समोरच्या कोब्यावर उभ्या गाडीशी बोलत काम करायचं. आज कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ जास्त झालं. विठाबाईच्या आजारपणाचं तर किती वेळा सांगितलं असेल. पत्रा कुठं ऐकतो? पण बोलल्यावर बरं वाटायचं.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. राधानगरीची त्याची थोरली बहीण, आक्का, फोनवर रागवायची. "आकाऱ्या, तितं एकटा मरून पडशील तर कुनाला कळनार न्हाय. ये की हिकडं." आकारामलाही पटलं. गाडी विकायची आणि आक्काकडं जायचं, असं ठरलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं कागलच्या एमआयडीसीतलं. वीरेश नावाचा तरुण कारखानदार. आकारामला शेजारी बसवून त्यानं रंकाळ्यापर्यंत चक्कर मारली. खूश झाला. उतरताना म्हणाला, "मिस्त्री, गाडी झक्कास हाय. पन वडलांना आत न्या की. कवाधरनं मागं बसल्यात, बोलत न्हाईत, काय न्हाईत."

"कुनाचं वडील?"

वीरेश हसला. मागच्या काचेतून वाकून बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"उतरलं वाटतं," एवढंच बोलला. नंतर त्याचा फोन आला नाही.

चार दिवसांनी सांगलीहून एक नवरा-बायको आले. बाईनं गाडीच्या मागच्या खिडकीपाशी जाऊन हात जोडले आणि ती ओशाळून परत आली. "आजोबांनी तोंड फिरवलं हो. त्यांच्या मनात नाही विकायचं. उगाच म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं?"

त्या संध्याकाळी आकारामनं गाडीकडं नीट बघितलं. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे त्यानं स्वतः नवे बसवलेले. पण गाडी मागच्या डाव्या बाजूला दोन बोटं खाली बसली होती. रिकाम्या गाडीला असं होत नाही.

त्यानं नेसरीला फोन लावला. गाडी विकली होती त्या घरची सून शिवांजली फोनवर आली. आकारामनं विचारलं, "ताई, ह्या गाडीत कोन बसायचं काय?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"आमचं मामंजी," ती म्हणाली. "गुरुसिद्ध आप्पा. सासूबाई गेल्या, पोरं बेंगळूरला. मी दिवसभर शाळंत शिकवायला. रोज दिवेलागणीला शेडमधल्या त्या बंद गाडीत मागं जाऊन बसायचे. कुनीतरी न्यायला येनार असल्यागत. म्या कवा इचारलं बी न्हाय, का बसताय म्हनून. …तितंच गेले, भाऊ. सकाळी कळलं."

मग हळूच म्हणाली, "एकडाव घेऊन या. घरात उतरवून घेते त्यांना."

तर असा तो मंगळवार. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज. तिथवर रस्त्याला माणसं होती. गडहिंग्लज सोडलं तेव्हा सव्वासात झालेले. नेसरीचा रस्ता रिकामा. दोन्हीकडं ऊस, वर लख्ख चांदणं. आकारामनं आरशात बघितलं. मागची सीट रिकामी, चांदण्यात चमकणारी.

भीती घालवायला तो बोलायला लागला. सवयीनं विठाबाईचंच निघालं. दवाखान्यातली शेवटची रात्र. तिनं पाणी मागितलं. डॉक्टरांनी द्यायचं नाही म्हणून बजावलेलं.

"…ती म्हनली, एक घोट दे. म्या तांब्या उचलला…"

इथं तो नेहमी थांबायचा. तीन वर्षांत यापुढचं त्यानं गाडीलाही सांगितलं नव्हतं. थांबला.

ऊस सळसळला. इंजिनाचा एकसुरी आवाज.

मागून कुणीतरी विचारलं, "मग?"

हळू. म्हाताऱ्या गळ्यानं. अगदी जिव्हाळ्यानं.

आकारामचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. हात स्टेअरिंगला चिकटलेले. आरशात बघायचं नाही. मान वळवायची नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. मागं कुणी हललं नाही. कुणी उतरलं नाही. कुणीतरी नुसतं… वाट बघत होतं.

आकाराम म्हणतो, त्या वेळी पळून जावं असं वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं, आठ वर्षांत हे पहिलं कुणीतरी विचारतंय.

"मग… न्हाय दिलं," तो म्हणाला. "तांब्या खाली ठिवला. पहाटं ती गेली. तान्हेली गेली, आप्पा."

मागून फक्त एक लांब सुस्कारा आला. आकाराम तिथं, भर रस्त्यात, स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडला.

नेसरीत पोचला तेव्हा आठ वाजत आले होते. शिवांजली दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी. आकारामनं गाडीचं मागचं दार उघडलं. तिनं तुकडा ओवाळून टाकला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "मामंजी, चला घरात. जेवाण वाढलंय. म्या बसते संगट."



पाटे करकरले. गाडी मागून दोन बोटं वर आली.

शिवांजली तोंडाला पदर लावून आत गेली, कुणाला तरी वाट करून देत, भिंतीकडनं.

परतीच्या वाटेवर आकाराम पुष्कळ बोलला. मधेच वाक्य तोडून थांबला. एकदा, दोनदा, दहादा. मागून काही आलं नाही. कोल्हापूर येईपर्यंत त्याला कधी नव्हे एवढं एकटं वाटलं.

वीरेशला त्यानं स्वतःच फोन केला. तो आला, आधी मागची सीट बघितली, हात फिरवला आणि अठरा तारखेला शनिवारी गाडी घेऊन गेला. रविवारी आकारामनं ट्रंक भरली. सोमवारी सकाळची राधानगरीची एसटी होती.

रविवारी दिवेलागणीला परतीचा पाऊस आला. धो-धो. माझा गाळा त्याच्या शेजारीच. मी दार लावायला उठलो, तर आकाराम त्याच्या दारात पुतळ्यासारखा उभा. समोरच्या मोकळ्या कोब्याकडं बघत. तिथं तीन वर्षं गाडी उभी असायची.

"गणपतराव," तो म्हणाला, "हिकडं या. मला कमी दिसतंय. तुमी सांगा, हितं काय हाय."

मी बघितलं. चोहोबाजूंनी पाणी वाहत होतं. सगळा कोबा भिजून काळा पडलेला. मधे, गाडीची मागची सीट यायची तिथं, एवढीच एक जागा पांढरी. कोरडी ठणठणीत. एक माणूस बसेल एवढी. वर ना पत्रा, ना झाड, नुसतं आभाळ.

आकाराम राधानगरीला गेला नाही. अजून तिथंच आहे, रोज दिवेलागणीला त्या जागेशी बोलत बसतो. आक्का बोलून बोलून थकली.

आणि मी त्या दिवशी छत्री घेऊन जवळ गेलो होतो, तेव्हा आणखी एक बघितलं, ते आजवर घरात सांगितलेलं नाही. गाडीत बसलेल्या माणसाचं डोकं जेवढ्या उंचीला येतं ना, बरोबर तेवढ्या उंचीवर पावसाचे थेंब फुटत होते.

कशावर… ते दिसत नव्हतं.