कडी नसलेलं दार

चहा सगळ्यांना पोचला ना? मग दार लोट, नाझेर्के. नुसतं लोट, कडी नको. का ते कळेल.

मघाशी तुझा तेमिर्लान माझ्या प्रयोगशाळेबद्दल कुरकुरत होता की यंत्राचं झाकण उघडताना श्वास रोखायचा म्हणजे काय जाच आहे, आगाय गुरुजी! तू वकिली शिकतेस म्हणून तुझ्यापुरतं सांगतो. आमचं यंत्र पदार्थातून किरण सोडतं आणि पडद्यावर रेघ येते. पाण्याचे कण एकमेकांचे हात धरून बसतात, त्याला आम्ही हायड्रोजन बंध म्हणतो. तसं पाणी असलं की रेघेला रुंद पोट सुटतं. आणि कोणाचा श्वास आत गेला, की श्वासातल्या कर्बवायूची दोन टोकं उभी राहतात, बोकडाच्या शिंगांसारखी. शिंगं दिसली की समजायचं, झाकणावर वाकून कोणीतरी बडबडलंय.

आमच्याकडे ते काम मुसाबेकचं. धिप्पाड गडी, दारातून वाकून यायचा. तोंडाला कुलूप म्हणून नाही. ‘आयदा, चला, बघू काय म्हणतंय!’ म्हणत झाकण उघडायचा आणि पुढचे दोन तास शिंगं. आम्ही चिडवायचो, ‘मुसाबेक, शिंगं निघाली बघ तुझी!’ तो म्हणायचा, ‘कापा आणि रस्सा करा!’

पण डोकं सोन्याचं. अरल समुद्राच्या काठचा पोरगा, समुद्र आटताना पाहत मोठा झालेला. त्याने स्फटिकांची एक जाळी बनवली होती. रात्रीच्या कोरड्या हवेतून ती पाणी ओढून घ्यायची आणि तापवली की परत द्यायची. पुढे हा मुसाबेक तळघरातल्या द्रव नायट्रोजनच्या खोलीत गुदमरून मेला. टाकीची तोटी गळत होती, त्या वाफेने खोलीत श्वासाला हवा उरली नाही, हा बेसावध राहिला, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. तपासणीवाले आले आणि त्या लोखंडी दाराची बाहेरची कडीच करवतीने कापून घेऊन गेले. पुन्हा कोणी चुकूनही आत कोंडला जायला नको म्हणून.

जाळी मग तोक्तारच्या नावावर गेली. मुसाबेकचा जोडीदार, एकाच टेबलावर बसणारा. आता गोष्ट तोक्तारची. त्याने स्वतः मला सांगितली, इस्पितळातल्या खाटेवर. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीची तेरा जानेवारी, जुन्या पंचांगाच्या नववर्षाची रात्र. अख्खं अल्माटी खाण्यापिण्यात. संस्थेत फक्त तोक्तार आणि पहाऱ्याची कुल्याश आपा.

‘काय रे बाबा, बायकोने हाकललं का आज?’ आपाने विचारलं.

‘सकाळी परीक्षकांसमोर रेघेचा कागद ठेवायचाय, आपा. जाळी पूर्ण कोरडी होते हे दाखवलं की प्रयोगशाळा माझी.’

‘तुझी? मला वाटलं मुसाबेकची होती.’

तोक्तार जिना चढून वर गेला. कामाला तो चोख होता. जाळी भट्टीत वाळवली, तिची काचेसारखी पातळ टिकली दाबली, श्वास रोखला, टिकली यंत्राच्या खणात ठेवली, झाकण बंद. नायट्रोजनचा झोत सोडला, म्हणजे आतली हवा निघून जाईल. आणि पडद्याकडे पाहिलं.

दोन शिंगं.

त्याने स्वतःला शिवी हासडली. पुन्हा सगळं केलं. या वेळी तोंडावर फडकं बांधून. पुन्हा शिंगं, मघापेक्षा उंच. तो पाहत राहिला. शिंगं हळूहळू खाली गेली. मग वर आली. मग खाली... मग वर. बंद खणात, झाकणाखाली, कोणीतरी आरामात श्वास घेत होतं.

तोक्तार भेकड नव्हता, पण घाबरला. आणि मग राग आला. भीतीचाच राग, पोरांनो, तो फार वाईट. त्याने झाकणावर बुक्की मारली. ‘मेलास ना तू? मग मेलेलाच राहा!’ टिकली उपसून भिंतीवर फोडली, दुसरी ठेवली आणि झोत पुरा सोडला. शिंगं बसली. तो हसणार, तोच झोत फुसफुसून थांबला. वरची बाटली रिकामी झाली होती.

दुसरा नायट्रोजन तळघरात.

तो जिन्याशी थांबला. दोन वर्षं त्याने खाली पाऊल टाकलं नव्हतं. का, ते आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी याच जिन्यात त्याची आणि मुसाबेकची जुंपली होती. ‘जाळीवर माझं नाव आधी लागेल,’ असं मुसाबेकने ठणकावलं आणि बाटली भरायला खोलीत शिरला. तोक्तारने मागून कडी घातली. ‘डोकं थंड होऊ दे तुझं!’ आतून आधी हसू आलं. मग थाप. मग तोटीचा सूं आवाज. तोक्तारला तो ऐकू आला होता... त्याला कळलं होतं काय होतंय. हात कडीवरच होता. नुसती ओढायची होती. तो दाराला कान लावून उभा राहिला. ठोके जोरात झाले, मग खाली सरकत गेले, गुडघ्याच्या उंचीवर आले आणि थांबले. मग त्याने कडी काढली आणि घरी जाऊन जेवला.

हे ऐकताना मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं होतं. असो.

त्या रात्रीही तो खाली गेलाच. कागद हवा होता ना. दाराला कडी नाही, भ्यायचं काय? दार पूर्ण उघडं टाकलं, मिटू नये म्हणून बिजागरीत लोखंडी पाना अडकवून ठेवला. बाटली तोटीखाली धरली. पांढरी वाफ जमिनीवर पसरली.

मागे पाना खणकन आत पडला.

दार मिटलं.

खट्.

कडीचा आवाज... जी कडी नव्हती, तिचा.

त्याने दार ढकललं. हललं नाही. खांदा दिला. नाही. दारापलीकडून, अगदी जवळून, कोणीतरी शांतपणे म्हणालं, ‘डोकं थंड होऊ दे तुझं.’

बाटली हातातून सुटली. उकळता गारवा बुटांवर, बोटांवर. कातडी पांढरी पडली. तो ओरडला. तोटी बंद करायला गेला, तोटी फिरेना. पाना उचलून दारावर घातला. एकदा. दोनदा. पाना उलटून त्याच्याच कपाळावर आला. डोळ्यात रक्त. मग मुठी. दार बर्फासारखं गार. मूठ चिकटायची, ओढली की कातडी दारावर राहायची. तरी तो मारत राहिला. हाडं वाजली... थांबला नाही.

‘मुसाबेक, उघड! मी सांगतो सगळ्यांना! तुझी आहे जाळी, तुझी!’

पलीकडे काही नाही. फक्त श्वास.

मग त्याचे पंजे कोणीतरी धरले. वाफेतून. एकेक बोट गुंफून, घट्ट, हात धरतात तसे. आणि मागे वाकवायला लागलं. पहिलं बोट. दुसरं... तो खाली सरकला. ठोके छातीच्या उंचीवर आले. मग गुडघ्याच्या.

मग...

कुल्याश आपा ठोके ऐकून धावत आली. ती सांगते, ‘एका बोटाने ओढलं मी दार. कडी कुठंय त्याला? आणि हा आतून वेड्यासारखा बडवतोय!’ तिने त्याला बगलेत धरून ओढत बाहेर काढला.

तोक्तार वाचला. आठ बोटं कापावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्याने मला सांगितलं, मग पोलिसांना सांगितलं. जाळी मुसाबेकच्या नावावर परत आली, त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगून आलो. म्हातारी खूप रडली. तोक्तार तुरुंगात आहे. कोठडीचं दार लागलं की ओरडतो म्हणतात. ओरडू दे.

डॉक्टर म्हणाले, हवा विरळ झाली की माणसाला भास होतात. बोटं गारठ्याने आणि आपटून मोडली. दार तो ओढत असेल, ते बाहेर उघडतं. मी मान हलवली. मी रसायनवाला माणूस, मलाही तसंच मानायचं होतं.

पण त्या रात्री आपाने फोन केल्यावर सगळ्यांत आधी मी पोचलो होतो. तळघरात गेलो. आतल्या गारव्याने लोखंडी दार बाहेरूनही गोठलं होतं. आणि त्याच्यावर, बाहेरच्या अंगाला, पांढऱ्या बर्फाचा एक जाड गोल होता. बशीएवढा. गार दारापाशी तोंड नेऊन कोणी बराच वेळ श्वास सोडत उभं राहिलं तर जमतो ना, तसा.

कुल्याश आपा माझ्या खांद्याला लागते, पोरांनो.

तो गोल माझ्या डोक्याच्याही वीतभर वर होता.