तिसरा पुकारा

वीज गेलीच आहे तर बसा जरा. दिवा मध्ये ठेवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मेंदूतल्या गाठींचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि ती गाठ कुठली ते सांगायचं, हे माझं काम. दिसेल तेवढंच बोलायचं, अशी सवय लागलेली. तरी मामाच्या ऑपरेशनबद्दल बोलायची वेळ आली की माझी जीभ अडखळते.

मामा लिलाव पुकारायचा. जुनी कपाटं, बंद पडलेली घड्याळं, गेलेल्या माणसांच्या खुर्च्या... त्याच्या जिभेवर काहीही खपायचं. "एकवार, दोनवार, तीनवार!" म्हणत हातोडी आपटली की वस्तू गेली. आई वारल्यावर मला वाढवलं ते त्यानं, आणि तेही एक क्षणही तोंड न मिटता. मामी म्हणायची, "ह्यांना गप्प करणारा अजून जन्माला यायचाय."

एकदा भर लिलावात तो मध्येच थांबला. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, विझलेल्या वातीचा वास येतो गं मला. वास आला की मागच्या रांगेत एक बाई दिसते. पाठमोरी बसलेली. दर खेपेला थोडी थोडी वळते."

"चेहरा दिसला?"

"अजून नाही. पण गिऱ्हाईक पक्कं आहे. घाई नाही तिला," म्हणाला आणि हसला.

मला हसू आलं नाही. त्यात हल्ली त्याचं डोकंही दुखायचं. नसलेला वास येणं म्हणजे काय असू शकतं, हे मला माहीत होतं. स्कॅनमध्ये गाठ निघाली. मेंदूच्या डाव्या बाजूला, वासाच्या आणि वाचेच्या जागेला खेटून.

सर्जननं सरळ सांगितलं, "दोनातली एक असेल. नेहमीची असली तर जमेल तेवढी कापावी लागेल, मग वाचा जाऊ शकते. दुसरी क्वचितच दिसते. ती औषधांनी विरघळते, तिथे सुरी चालवून उपयोग नाही. स्कॅनवरून ठरत नाहीये. ऑपरेशन चालू असताना तुकडा पाठवतो, तुम्ही सांगाल तसं."

आपल्या माणसाची गाठ आपण बघू नये म्हणतात. पण हे काम येणारी आमच्या हॉस्पिटलात मी एकटीच होते.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. मामाला जागंच ठेवलं होतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. माणूस बोलत राहिला की वाचेची जागा कुठे आहे ते सर्जनला कळतं. माझी लॅब तळघरात, खिडकी नसलेली. थिएटरमधला आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून खाली येतो.

"बोलत राहा, काहीही बोला," सर्जन म्हणाला. मामाला हे सांगणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! त्यानं लिलावच मांडला. "या मंडळी, बसून घ्या! माल अस्सल आहे..." वरच्या नर्सेस हसत होत्या. इकडे मीही हसले.

तुकडा आला. मी तो गोठवला, पातळ काप काढला, रंगवला आणि काचेखाली सरकवला.

काचेखाली काहीच नव्हतं. म्हणजे मेलेल्या पेशींचा कचरा होता, तो साफ करणाऱ्या पेशी होत्या. पण गाठीची अशी पेशी एकही नाही. घरात कुणीतरी राहून गेलंय, हे कळावं आणि माणूस मात्र सापडू नये, तसं.

वर मामाचा आवाज एकदम हळू झाला होता. "वास आला... आल्या बघा त्या. आज तोंड इकडे केलंय... बोला बाई, कशावर बोली?"

"कोणाशी बोलताय काका?" नर्सनं विचारलं.

"एकवार," मामा म्हणाला.

"मॅडम, काय दिसतंय?" सर्जनचा आवाज. "थांबता येणार नाही. कापायला घेऊ?"

"एक मिनिट..."

"दोनवार," मामा म्हणाला. मग कुजबुजल्यासारखं, "बाई, पण वस्तू कुठाय? ...खाली? ...काचेतून बघतेय, ती?"

लॅबमध्ये नेहमी औषधांचा उग्र दर्प असतो. त्या दर्पाच्या वर, अगदी नाकाशी, विझलेल्या वातीचा वास होता. माझ्या पाठीमागे रिकामं स्टूल होतं. ते किंचित करकरलं. मी वळले नाही. खरं सांगते, वळायची हिंमतच झाली नाही. भिंगाला डोळे चिकटवून बसले, आणि तेव्हा एका बारीक रक्तवाहिनीभोवती दाटलेल्या चार-दोन काळ्या पेशी दिसल्या.

सर्जन म्हणाला होता त्या दुसऱ्या गाठीला आमच्या धंद्यात भुताची गाठ म्हणतात. स्टेरॉइड पोटात गेलं की ती लपते, आणि मागे फक्त कचरा उरतो. म्हणून तपासणीआधी आम्ही ते कुणाला देत नाही.

मी स्पीकरचं बटण दाबून ओरडले, "मामा! डोकं दुखायचं तेव्हा कुणाकडून गोळ्या घेतल्यास का रे?"

मग मामा, झोपेतून उठल्यासारखा, "गल्लीतल्या डॉक्टरांनी दिल्या होत्या की... पांढऱ्या, बारीक. काय हलकं वाटलं! तुला सांगितलं नाही, ओरडली असतीस." मग पुन्हा तो दुसराच आवाज. "तीन..."

"थांबा!" मी किंचाळले. "कापू नका! औषधानं जाणारी आहे! थांबा!"

सर्जन थांबला. मामाही थांबला. स्टूल पुन्हा करकरलं आणि वास गेला.

मोठ्या तपासणीत माझंच खरं ठरलं. औषधांनी गाठ विरघळली, मामाची वाचा शाबूत राहिली. वास गेला, बाई गेली. मामी माझे हात धरून रडली. मामा लिलावात परतला, त्या दिवशी मी कौतुकानं पहिल्या रांगेत बसले होते.

सगळा माल संपला. लोक उठायला लागले. तेवढ्यात मला वातीचा वास आला. मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत ती बसली होती, पूर्ण माझ्याकडे तोंड करून. हात वर केलेला. चेहऱ्याचं विचारू नका.

"एकवार," मामा म्हणाला. समोरच्या मेजावर काहीच नव्हतं. "दोनवार..." त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत मामा नव्हता.

"मामा, थांब!" मी त्याला गदागदा हलवलं. तो दचकला. "काय गं? काय झालं?" त्याला काहीएक आठवत नव्हतं.

मी माझ्या डोक्याचा स्कॅन करून घेतला. स्वच्छ आला. पुन्हा केला, पुन्हा स्वच्छ. मामा-मामींना मी इथे माझ्याकडे आणून ठेवलंय. लोक म्हणतात, भाची असावी तर अशी. त्यांना काय सांगू? तो झोपेत पुकारतो, आणि तिसऱ्याच्या आत त्याला उठवावं लागतं. मला शांत झोप अशी राहिलेलीच नाही.

तुम्ही दिवा फुंकलात का? नाही... जळतोय तो. मग हा वास...

श्श. बोलू नका जरा. आतल्या खोलीत मामा काहीतरी म्हणाला. मी बोलण्याच्या नादात होते... कितवा पुकारा होता तो?